नागूरचे गलबत आणि कोरवंजीचे जग

प्रस्तावना

श्रावणातील पौर्णिमेला कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मगच आपल्या होड्या पाण्यात लोटतात. समुद्रावर पोट असणाऱ्या माणसांचे सण असे वाऱ्यापावसाशी बांधलेले असतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरही असाच एक सण आहे. तो नावेचा आहे, खलाशांचा आहे, आणि शिडाच्या गलबतांबरोबर तो उष्ण कटिबंधातील बेटाबेटांवर जाऊन पोहोचला. ज्या प्रदेशात हा सण वाढला त्या तंजावरवर १६७५ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी आपली सत्ता स्थापन केली. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे तेथे भोसले घराण्याची गादी होती. समुद्रापलीकडील जगाविषयी तंजावरातील माणसांना काय ठाऊक होते, आणि ते ज्ञान त्यांनी कसे जतन केले, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –

- बंगालच्या उपसागरातील शिडाच्या प्रवासाचा मोसमी वाऱ्यांशी असलेला संबंध सांगू शकाल;
- नागूरच्या कंदुरी उत्सवाचे वर्णन आपल्या शब्दांत करू शकाल;
- 'देवेंद्र कोरवंजी' या मराठी नाटकाचे वेगळेपण स्पष्ट करू शकाल;
- पुस्तकातून मिळणारे ज्ञान आणि अनुभवातून मिळणारे ज्ञान यांची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

१. वाऱ्याची वाट पाहणारी माणसे

तंजावर हे शहर समुद्रावर नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतांच्या मधोमध ते वसले आहे. तेथून पूर्वेला सुमारे ८० ते ९० किलोमीटर गेल्यावर नागपट्टिनम हे बंदर लागते. राज्यकारभार तंजावरात चाले आणि समुद्राकडे जाणारी वाट नागपट्टिनमहून निघे.

ही वाट फार जुनी आहे. चोळ राजा राजेंद्र याच्या आरमाराने १०२५ मध्ये बंगालचा उपसागर ओलांडून श्रीविजयाच्या राज्यावर स्वारी केली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील एका तमिळ शिलालेखात या स्वारीत जिंकलेल्या ठिकाणांची यादी कोरलेली आहे. तिच्यात मलाया द्वीपकल्पातील कडारम् म्हणजे आजचे केदाह आहे, आणि मानक्कवारम् म्हणजे आपले निकोबार बेटही आहे. बेटांची नावे येथे विजयाच्या खुणा म्हणून येतात.

परंतु राजांची आरमारे कधी काळी एकदा जातात. व्यापाऱ्यांची गलबते मात्र दरवर्षी जात. नागपट्टिनम आणि त्याच्या उत्तरेला अवघ्या काही किलोमीटरवर असलेले नागूर येथून कापड आणि तांदूळ घेऊन तमिळ मुसलमान व्यापारी व खलाशी श्रीलंका, मलाया आणि सुमात्राकडे निघत. गलबत शिडाचे असल्यामुळे त्याचे वेळापत्रक माणसाच्या हाती नसे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारे नैर्ऋत्येकडून वाहतात. ऑक्टोबरनंतर ते दिशा बदलतात आणि ईशान्येकडून येऊ लागतात. याच ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तंजावरच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो आणि वादळेही होतात. म्हणून एका हंगामातील वाऱ्यावर जायचे आणि वारा फिरेपर्यंत परमुलखात थांबायचे, असा हा प्रवास होता.

या थांबण्याला मोठा अर्थ आहे. माणूस परक्या बेटावर काही आठवडे, काही महिने राहिला की त्याला तेथे स्वयंपाकाची चूल लागते, बोलायला सोबती लागतो, आणि वर्षाचा सण आला की तो साजरा करायला जागाही लागते. बेटांवरच्या उत्सवांचा आरंभ अशा मुक्कामातून झाला.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा : राजेंद्र चोळाच्या शिलालेखातील 'मानक्कवारम्' म्हणजे – (१) श्रीलंका (२) निकोबार (३) पेनांग.

(आ) शिडाच्या गलबतातील प्रवाशांना परमुलखात दीर्घकाळ का थांबावे लागे?

२. रस्त्यावरून चालणारे गलबत

सोळाव्या शतकात शाहुल हमीद नावाचे एक सूफी संत नागूर येथे येऊन राहिले. त्यांची समाधी म्हणजेच नागूरचा दर्गा. खलाशांचा रक्षणकर्ता म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका त्या किनाऱ्यावर घरोघरी सांगितली जाते. एकदा भरसमुद्रात एका जहाजाच्या तळाला भोक पडले. पाणी आत येऊ लागले तेव्हा जहाजावरील माणसांनी संतांचा धावा केला. त्या वेळी संत किनाऱ्यावर न्हाव्यासमोर बसले होते. त्यांनी हातातील आरसा तसाच फेकला. तो दूरवरच्या त्या जहाजाच्या भोकावर जाऊन बसला आणि जहाज तरले.

दरवर्षी या संतांचा उरूस होतो. त्याला तेथे 'कंदुरी' म्हणतात. तो चौदा दिवस चालतो. इस्लामी पंचांगातील जमादिलाखर या सहाव्या महिन्यात तो येतो. हे पंचांग चांद्र असून त्यात अधिक मास नाही. त्यामुळे उरूस दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो आणि काही वर्षांच्या कालावधीत सगळ्या ऋतूंतून फिरतो.

उत्सवाचा आरंभ निशाण चढविण्याने होतो. ही निशाणे नागपट्टिनमहून नागूरला मिरवत आणली जातात, आणि ती ज्या रथांतून येतात त्यांतील काही रथांचा आकार चक्क जहाजाचा असतो. डोलकाठ्या, दोरखंड, दिव्यांच्या माळा असा सगळा थाट घेऊन ही गलबते रस्त्यावरून चालत येतात. वाद्ये वाजतात, दुतर्फा उभी असलेली माणसे फुले उधळतात. या गर्दीत मुसलमान असतात तसे हिंदूही असतात. पुढे मुख्य रात्री चंदनाची मिरवणूक निघते आणि पहाटे समाधीला चंदनाचा लेप दिला जातो. महाराष्ट्रातील उरुसात 'संदल' निघतो, तो पाहिलेल्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल.

दर्ग्याच्या आसपासच्या दुकानांत पत्र्याचे लहान लहान चौकोन विकायला असतात. कोणावर हात उठविलेला असतो, कोणावर पाय, कोणावर घर, तर कोणावर नाव. ज्याला ज्याची चिंता, त्याने तो पत्रा वाहायचा. घरचा माणूस समुद्रावर असलेली बाई कोणता पत्रा उचलत असेल, हे सांगायला नको.

दर्ग्याला पाच मनोरे आहेत. त्यांतील सर्वांत उंच मनोरा १३१ फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर उंचीचा आहे. तो तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी बांधविला. त्यांची कारकीर्द १७३९ ते १७६३ अशी होती. सपाट किनाऱ्यावर एवढी उंच वास्तू समुद्रातून लांबवरून दिसते. परतीच्या गलबताला ती आपल्या गावाची पहिली खूण वाटली असणार.

३. बेटाबेटांवर नागूर

नागूरचे खलाशी जेथे जेथे थांबले तेथे तेथे त्यांनी या संतांचे स्मारक उभारले. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर कल्मुनै येथे समुद्रकाठी असे एक स्थान आहे आणि तेथेही दरवर्षी निशाण चढवून उत्सव होतो. मलायाच्या पश्चिमेला असलेल्या पेनांग बेटावर १७८६ मध्ये इंग्रजांचे ठाणे बसले. थोड्याच काळात तेथील चुलिया रस्त्यावर नागूरच्या संतांचे स्मारक उभे राहिले. सिंगापूरचे बंदर १८१९ मध्ये इंग्रजांनी वसविले. पुढे दहा-अकरा वर्षांच्या आत, १८२८ ते १८३० या काळात, तेलोक आयर रस्त्यावर 'नागूर दर्गा' बांधून झाला. त्या वेळी हा रस्ता समुद्राला लागून होता. बोटीतून उतरलेला माणूस आधी तेथे जाई आणि सुखरूप पोहोचल्याबद्दल हात जोडी. समुद्रात भर घातल्याने आता किनारा दूर गेला आहे. वास्तू मात्र जागेवर आहे. ती १९७४ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली आणि २०११ पासून तेथे भारतीय मुस्लिम समाजाच्या वारशाचे केंद्र आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संतांची समाधी एकच, ती नागूरला. बेटांवर आहेत ती केवळ स्मारके. तरीही खलाशांना ती खोटी वाटली नाहीत. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाताना त्यांनी आपला सण बरोबर नेला, आणि त्या सणाने परक्या बेटाला ओळखीचे रूप दिले. नकाशा न वाचता आलेल्या माणसांचा हा नकाशा होता. नागूर, कल्मुनै, पेनांग, सिंगापूर ही नावे त्यांनी कागदावर लिहिली नाहीत. निशाणे रोवून ती जमिनीवर लिहिली.

पाठगत प्रश्न २

(अ) नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा कोणी बांधविला?

(आ) 'कंदुरी' दरवर्षी वेगवेगळ्या ऋतूंत का येऊ शकते?

(इ) 'निशाणे रोवून ती जमिनीवर लिहिली' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. कोरवंजी जग दाखवते

खलाशी बेटांवर जात होते, त्याच काळात तंजावरच्या किल्ल्यात एक राजा जगाचे नकाशे पाहत बसला होता. दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी, १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, तनखा आणि मानमरातब. राज्य हातचे गेले तेव्हा त्यांनी ग्रंथांकडे लक्ष वळविले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपातील छापील पुस्तके त्यांनी जमविली. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजची कीर्ती मिळाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

या अभ्यासातून त्यांनी 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटक रचले. कोरवंजी, म्हणजे तमिळमधील 'कुरवंजी', हा दक्षिणेतील नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार आहे. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. नायिका विरहाने व्याकूळ असते. अशा वेळी कुरव जमातीची एक भटकी बाई काखेत टोपली, हातात काठी घेऊन प्रवेश करते. ती आपल्या डोंगरांचे, नद्यांचे, फिरलेल्या गावांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर भेटेल असे भविष्य सांगते. असे खेळ देवळांतील उत्सवांत होत. सरफोजी राजांना नायक कल्पून रचलेली एक तमिळ कुरवंजी बृहदीश्वर मंदिराच्या उत्सवात सादर होत असे.

सरफोजी राजांनी या सांगाड्याला धक्का लावला नाही. पण त्यात एक नवी गोष्ट भरली. त्यांच्या नाटकात नायिका इंद्राणी आहे. तिच्यापुढे आलेली कोरवंजी आपण पाहिलेला मुलूख सांगू लागते, आणि हा मुलूख म्हणजे सगळी पृथ्वी! खंडे, समुद्र, देश, बेटे यांची माहिती गाण्यांतून येत राहते. त्यात आधुनिक खगोलशास्त्राचा विचारही आहे. जगाचा भूगोल मराठी गाण्यांत गुंफणारी ही रचना विसाव्या शतकात सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केली.

राजाने हा धडा कोणाच्या तोंडी घातला, ते पाहा. दरबारात पंडित होते, इंग्रजी जाणणारे होते. तरी जगाचा भूगोल शिकविण्याचे काम त्याने टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईला दिले, आणि शिकणारी ठेवली साक्षात देवांची राणी. यामागे नाट्यप्रकाराची सोय होतीच. पण एक व्यवहारी शहाणपणही होते. जो फिरला त्याने पाहिले, आणि ज्याने पाहिले त्याचे सांगणे माणसे ऐकतात.

मात्र रंगभूमीवर मिळालेला हा मान जमातीच्या वाट्याला प्रत्यक्षात आला नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मद्रास इलाख्यात लागू झाला आणि कोरव लोकांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. फिरणे हाच ज्यांचा चरितार्थ, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला. महाराष्ट्रातील कैकाडी समाजाचे नाते याच जमातीशी सांगितले जाते. ज्या बाईने इंद्राणीला पृथ्वी दाखविली, तिच्या लेकरांना शाळेचे दार उघडायला इतकी वर्षे लागली. नाटक वाचताना हेही आपल्या मनात असले पाहिजे.

५. भोक पडलेली नाव

याच काळात तंजावरपासून जवळच, कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे त्यागराज (१७६७–१८४७) राहत होते. त्यांनी तेलुगूत 'नौकाचरित्रमु' हे गेय नाटक रचले. त्यात गोपी कृष्णाला घेऊन यमुनेवर नौकाविहाराला निघतात. सगळा आनंदीआनंद असतो. आपण कृष्णाला वश केले असा गोपींना गर्व होतो. तेवढ्यात वादळ उठते, नावेला भोक पडते आणि पाणी आत येते. वस्त्रांनी भोक बुजविल्यावर नाव पैलतीराला लागते.

नागूरच्या आख्यायिकेतही नावेला भोक पडले होते. एक कथा मुसलमान खलाशांची, दुसरी वैष्णव संगीतकाराची. दोन्ही एकाच पाण्याच्या मुलखातील. ज्या प्रदेशात नावेवाचून चालत नाही, तेथील माणसाला नावेतील उत्सव जितका कळतो तितकेच नावेतील भयही कळते.

हे भय किती खरे आहे, याचा अनुभव २६ डिसेंबर २००४ रोजी आला. त्सुनामीच्या लाटांनी एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या दिवसांत नागूरच्या दर्ग्याने निराधारांना आसरा दिला आणि मृतांना आपल्या जागेत माती दिली. माती देताना कोणाचा धर्म विचारला गेला नाही. खलाशांचा रक्षणकर्ता ही संतांची ख्याती त्या दिवशी माणसांच्या हातांनी खरी केली.

नागपट्टिनमहून बेटांकडे जाणारी वाट अनेकदा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकात मद्रास, नागपट्टिनम, पेनांग, सिंगापूर अशी उतारूंची आगबोट जात असे. 'चिदंबरम्' या बोटीला १९८५ मध्ये आग लागली आणि ही वाहतूक थांबली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिनमहून श्रीलंकेतील कांकेसंतुरै बंदरापर्यंत उतारू बोट सुरू झाली. हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. पण काही दिवसांतच ईशान्य मोसमी वारे सुरू झाले आणि बोट थांबवावी लागली; ती पुन्हा निघाली ऑगस्ट २०२४ मध्ये. बोट यंत्राची झाली, तरी वाऱ्याला विचारल्यावाचून अजूनही निघता येत नाही.

तंजावरने बेटांची नावे तीन प्रकारे जपली. राजेंद्राने ती दगडात कोरली, खलाशांनी सणात राखली आणि सरफोजी राजांनी कोरवंजीच्या गाण्यांत घातली. पहिली यादी वाचायला लिपीचा जाणकार लागतो. तिसरी समजायला मराठी यावी लागते. दुसरी मात्र दरवर्षी, दिव्यांच्या माळा लेवून, रस्त्यावरून चालत येते आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाचता येते.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
उरूस – संताच्या पुण्यतिथीचा उत्सव
उतारू – प्रवासी
तनखा – ठरलेले वार्षिक वेतन
मानमरातब – मान आणि पदचिन्हे
चरितार्थ – उपजीविका
त्रिभुज प्रदेश – नदीच्या मुखाशी गाळाने तयार झालेला प्रदेश

भाषाभ्यास

'मिनार' या शब्दापासून मराठीत 'मनोरा' हा शब्द रूढ झाला. तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सरफोजी राजांनी नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून १८१४-१५ मध्ये एक आठ मजली षट्कोनी वास्तू उभारली. तमिळ भाषक आजही तिला 'मनोरा' म्हणतात. भाषा शेजारी नांदल्या की शब्द असे घर बदलतात. आपल्या बोलीत शेजारच्या भाषेतून आलेले पाच शब्द शोधून लिहा.

आपण काय शिकलात?

- शिडाच्या प्रवासाला मोसमी वाऱ्यांचे बंधन होते. परमुलखातील मुक्कामातून बेटांवरील उत्सव रुजले.
- नागूरच्या खलाशांनी आपला उत्सव श्रीलंका, पेनांग आणि सिंगापूर येथे नेला. तंजावरच्या मराठा राजानेही नागूरच्या दर्ग्याला मनोरा अर्पण केला.
- 'देवेंद्र कोरवंजी'त जगाचा भूगोल उत्सवी नृत्यनाट्याच्या रूपाने मराठीत आला.
- ज्ञान ग्रंथांत असते तसे फिरणाऱ्या व श्रम करणाऱ्या माणसांच्या अनुभवातही असते.

पाठान्त प्रश्न

१. नागूरच्या निशाणांच्या मिरवणुकीचे वर्णन आठ ते दहा ओळींत करा.
२. सरफोजी राजांनी भूगोल शिकविण्यासाठी कोरवंजीची निवड का केली असावी? आपले मत सकारण लिहा.
३. नागूरची आख्यायिका आणि 'नौकाचरित्रमु' यांतील साम्य व भेद सांगा.
४. शाळेत न शिकता, केवळ कामातून किंवा प्रवासातून आपणास मिळालेल्या एखाद्या ज्ञानाविषयी पंधरा ओळी लिहा. ते आपण कोणाला शिकविले असल्यास त्याचाही उल्लेख करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) निकोबार. (आ) परतीसाठी वाऱ्याची दिशा बदलण्याची वाट पाहावी लागे.
२. (अ) तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह. (आ) इस्लामी पंचांग चांद्र असून त्यात अधिक मास नसतो. म्हणून उत्सव दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. (इ) खलाशांनी जेथे मुक्काम केला तेथे स्मारके उभारून उत्सव सुरू केले. त्यांच्या प्रवासाची वाट त्या ठिकाणांवरून ओळखता येते.